खाण तशी माती? भाषाविकाराच्या आनुवंशिकतेची गोष्ट आणि तिचे निवेदन

मूल वेळेवर बोलेना की आपल्याकडे पहिली चौकशी घराण्याची होते. ‘याचा बापही चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता’, ‘मामावर गेलाय’, ‘त्यांच्याकडे सगळेच तसे अबोल’. अशा वाक्यांचा उपयोग दोन प्रकारे होतो. कधी ती धीर देण्यासाठी उच्चारली जातात: बाप बोलला, तसा हाही बोलेल. कधी बोट दाखवण्यासाठी: हे आमच्याकडचे नाही, तुमच्याकडचे आहे. मग वेखंड उगाळून जिभेला लावले जाते, जीभ जड आहे का ते पाहिले जाते, आणि बहुतेक वेळा सून मुलाशी पुरेसे बोलत नाही, असा निष्कर्ष निघतो. धीर असो वा आरोप, पाठीशी म्हण एकच असते: खाण तशी माती.

ही म्हण भाषेच्या बाबतीत कितपत खरी आहे, याची तपासणी गेल्या पस्तीस वर्षांत बऱ्याच बारकाईने झाली आहे. त्या तपासणीच्या केंद्रस्थानी लंडनमधले एक घराणे आहे. लोकप्रिय विज्ञानलेखनात या घराण्याची गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली, की भाषा आणि आनुवंशिकता म्हटले की तेच उदाहरण पुढे येते. प्रस्तुत लेखाचा विषय जेवढे ते संशोधन आहे, तेवढेच त्याचे निवेदनही आहे. माझ्याकडे प्रयोगशाळा नाही आणि या विषयातली पदवीही नाही. पण मूळ शोधनिबंध क्रमाने वाचले आणि शेजारी त्यांच्यावर बेतलेल्या गोष्टी ठेवल्या, की दोन्हींतले अंतर दिसू लागते. ते अंतर मोजणे हे समीक्षेचेच काम आहे, असे मला वाटते.

विकार कोणता?

आधी संज्ञेबद्दल. काही मुलांना ऐकू नीट येते, स्वमग्नता नसते, मेंदूला इजा झालेली नसते, घरात बोलणारी माणसे असतात, आणि तरीही भाषा शिकणे त्यांना विलक्षण अवघड जाते. शब्द उशिरा येतात, वाक्ये तोकडी राहतात, लांब सूचना मध्येच निसटते, घडलेला प्रसंग सांगताना कोणी कोणाला काय केले याचा गुंता होतो. मूल मोठे झाल्यावरही अडचण पूर्णपणे जात नाही, ती फक्त कमी दिसते. या अवस्थेला पूर्वी अनेक नावे होती. इंग्रजीभाषक देशांतल्या तज्ज्ञांच्या एका गटाने डोरोथी बिशप यांच्या पुढाकाराने २०१६-१७मध्ये विचारविनिमय करून एक नाव पक्के केले. मराठीत त्याला ‘विकासात्मक भाषाविकार’ म्हणता येईल. काही जण ‘भाषादोष’ म्हणतात. मी तो शब्द टाळतो, कारण मराठीत ‘दोष’ म्हटले की लगेच ‘कोणाचा?’ हा प्रश्न येतो, आणि या लेखात त्याच प्रश्नाशी भांडायचे आहे.

हा विकार दुर्मीळ नाही. ब्रूस टॉम्ब्लिन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात बालवाडीच्या वयाच्या मुलांची पाहणी केली. १९९७मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत हे प्रमाण ७.४ टक्के निघाले. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात साधारण दोन मुले. ज्यांच्या मुलांत हा विकार आढळला, अशा पालकांपैकी केवळ २९ टक्क्यांना याआधी कोणी तशी कल्पना दिली होती. बाकीच्यांची मुले घरात ‘लाजाळू’ आणि शाळेत ‘लक्ष न देणारी’ ठरत असतील, तर त्यात नवल नाही.

केई घराणे

संशोधनात हे घराणे ‘केई’ या आद्याक्षरांनी ओळखले जाते. खरे नाव गुप्त ठेवले आहे आणि ते तसेच राहावे. तीन पिढ्यांतल्या जवळजवळ निम्म्या माणसांचे बोलणे लहानपणापासून इतके अस्पष्ट, की परक्याला ते कळणे कठीण. उरलेल्या निम्म्यांना काहीच त्रास नाही. जेन हर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९९०मध्ये या घराण्याची वैद्यकीय नोंद प्रसिद्ध केली. वंशावळीचा आकृतिबंध अगदी स्वच्छ होता. विकार असलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी, आणि ज्याला तो नाही त्याच्या मुलांनाही नाही. एकाच प्रभावी जनुकातला बदल असला की वंशावळ अशी दिसते. हर्स्ट यांनी या त्रासाला उच्चारणाच्या हालचाली जुळवण्यातली अडचण म्हटले होते. गोष्टीचा पहिला निवेदक तोंडाबद्दल बोलत होता, हे ध्यानात ठेवावे.

त्याच वर्षी मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या भाषावैज्ञानिक मिरना गॉपनिक यांचे ‘नेचर’मध्ये एक छोटेसे पत्र आले. त्यांनी त्याच घराण्याकडे व्याकरणाच्या बाजूने पाहिले. एकवचन-अनेकवचन, वर्तमान-भूत अशा व्याकरणिक खुणा या माणसांना जणू दिसतच नाहीत, असा त्यांचा दावा होता. अशा तपासणीचे साधन जुने आहे. जीन बर्को यांनी १९५८मध्ये एक युक्ती काढली होती: मुलाला अर्थहीन, बनावट शब्द द्यायचा आणि त्याचे अनेकवचन विचारायचे. पाठांतर येथे कामाचे नाही, नियमच यायला हवा. केई घराण्यातल्या विकारग्रस्तांना अशा कसोट्या जड गेल्या.

आता वर्तमानपत्रे पुढे आली. १९९२च्या सुमारास, व्याकरण शिकण्याची क्षमता एका जनुकात असल्याचा शोध लागला, असे मथळे झळकले आणि स्तंभलेखकांनी त्यावर विनोद केले. स्टीव्हन पिंकर यांच्या ‘द लँग्वेज इन्स्टिंक्ट’ या १९९४च्या पुस्तकाने हे घराणे जगभरच्या वाचकांपर्यंत नेले. पिंकर यांच्यावर अन्याय होऊ नये. त्यांनी मथळ्यांची थट्टा केली, आणि एका जनुकाच्या बिघाडाने व्याकरण ढासळते म्हणून तो एकच जनुक व्याकरण घडवतो असे होत नाही, हेही बजावले. पण पुस्तकाचा मूळ सिद्धांत भाषा ही जन्मजात प्रवृत्ती आहे हा होता, आणि त्या रचनेत केई घराणे पुरावा म्हणून उभे होते. वाचकाच्या लक्षात इशारे राहत नाहीत, उदाहरणे राहतात. ‘व्याकरणाचे जनुक’ हा शब्दप्रयोग त्यामुळे टिकून राहिला.

तोंड की व्याकरण?

फरानेह वार्घा-खादेम आणि सहकाऱ्यांनी याच घराण्याची तपशीलवार तपासणी करून १९९५मध्ये वेगळे चित्र मांडले. विकारग्रस्तांना जीभ, ओठ, जबडा यांच्या हालचाली सांगितल्या क्रमाने करणे अवघड जात होते, तेही शब्द न उच्चारता. ऐकलेला निरर्थक शब्द परत म्हणता येत नव्हता. व्याकरणाच्या चुका होत्याच, पण त्या एकट्या नव्हत्या. शब्दांची गरज नसलेल्या बुद्धिमापन कसोट्यांतही त्यांचे सरासरी गुण निरोगी नातेवाइकांपेक्षा कमी होते. अर्थात काही विकारग्रस्तांचे गुण अगदी सामान्य होते. पुढच्या मेंदूप्रतिमांत खोलवरच्या, हालचालींचे क्रम बसवण्याशी निगडित असलेल्या पुच्छकेंद्रकाच्या आकारातही फरक आढळला.

गॉपनिक यांचे निरीक्षण यामुळे खोटे ठरत नाही. ठरते ते इतकेच, की एका गुंतागुंतीच्या अवस्थेतला एक धागा उचलून त्यालाच संपूर्ण वस्त्र म्हटले गेले. साहित्यसमीक्षेत आपण अशा वाचनाला एकांगी म्हणतो. येथे ते एकांगी वाचन जिवंत माणसांचे होते.

जनुक सापडले

१९९८मध्ये ऑक्सफर्डच्या सायमन फिशर आणि सहकाऱ्यांनी दोषाची जागा सातव्या गुणसूत्राच्या एका भागापर्यंत आणून ठेवली. त्या भागात जनुके पुष्कळ होती. नेमके कोणते, हे शोधायला एका अनोळखी मुलाची मदत झाली. केई घराण्याशी त्याचे काही नाते नव्हते, पण बोलण्याची अडचण तशीच होती आणि त्याच्या पाचव्या व सातव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली होती. सातवे गुणसूत्र जेथे तुटले, तेथेच हवे ते जनुक होते. २००१मध्ये सेसिलिया लाय, फिशर आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये त्याचे नाव जाहीर केले: फॉक्सपी२. केई घराण्यातल्या सर्व विकारग्रस्तांत या जनुकाच्या एकाच अक्षरात बदल होता. त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत ५५३व्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन येत होते. निरोगी नातेवाइकांत हा बदल नव्हता.

हे जनुक करते काय? ते इतर जनुकांचे काम कमी-जास्त करते. बांधकामावरच्या मुकादमासारखे समजा. मुकादम नसला की भिंत वाकडी होते आणि फरशी चुकते, पण म्हणून घर मुकादमाने ‘बनवले’ असे आपण म्हणत नाही. शिवाय हा मुकादम एकाच साइटवर नसतो. फॉक्सपी२ मेंदूबरोबर फुप्फुसांत आणि आतड्यांतही काम करते, आणि उंदरांत व पक्ष्यांतही ते आहे. झेब्रा फिंच या पक्ष्याच्या मेंदूत पिल्लूवयात त्याचे प्रमाण कमी केले, तर पिल्लू मोठ्याचे गाणे अर्धवट आणि चुकत उचलते, असे २००७मध्ये दिसून आले. फिंचला व्याकरण नसते. त्याला ऐकून, हालचाल बसवून शिकावे लागते. म्हणजे पक्ष्याने साक्ष दिली ती हर्स्ट यांच्या बाजूने.

उत्क्रांतीच्या कथेचेही असेच झाले. मानवी फॉक्सपी२ चिंपँझीच्या फॉक्सपी२पेक्षा फक्त दोन ठिकाणी वेगळे असल्याचे २००२मध्ये प्रसिद्ध झाले, आणि माणसाला वाचा देणारा तो क्षण सापडला असे अनेकांनी लिहिले. २००७मध्ये निअँडरथल मानवातही तेच दोन बदल आढळले. २०१८मध्ये जगाच्या विविध भागांतल्या लोकांचे जनुकीय नमुने घेऊन पुन्हा विश्लेषण झाले, तेव्हा अलीकडच्या काळात या जनुकाची खास निवड झाल्याचा पुरावा उरला नाही. पहिल्या बातमीइतकी जागा या दुरुस्त्यांना मिळाली नाही.

अपवादाचा नियम झाला

माझ्या मते सर्वांत मोठी चूक याच्याही पुढची आहे. केई घराण्याची स्थिती अत्यंत दुर्मीळ आहे. तीस मुलांच्या वर्गातल्या ज्या दोन मुलांचा उल्लेख वर आला, त्यांची गोष्ट ही नव्हे. नेहमीच्या भाषाविकाराच्या मुलांत फॉक्सपी२मध्ये बिघाड आहे का, हे जनुक सापडल्यावर लगेच तपासले गेले. २००२मध्ये डायन न्यूबरी आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की सामान्य भाषाविकारामागे हे जनुक मोठे कारण म्हणून दिसत नाही. त्याच वर्षी अनेक कुटुंबांच्या एकत्रित अभ्यासात सोळाव्या आणि एकोणिसाव्या गुणसूत्रांवरचे काही भाग संशयित ठरले. २००८मध्ये फॉक्सपी२च्या हाताखाली काम करणाऱ्या सीएनटीएनएपी२ या जनुकातल्या काही नेहमीच्याच फेरफारांचा संबंध निरर्थक शब्द परत म्हणण्याच्या क्षमतेशी लागला. संबंध खरा, पण लहान. २०२२मध्ये सुमारे ३४ हजारांपर्यंत माणसांची माहिती एकत्र करून वाचन आणि भाषा यांच्या क्षमतांचा अभ्यास झाला. एवढ्या खटाटोपातून शब्दवाचनाशी ठामपणे जोडता येईल अशी एकच जागा हाती लागली. बाकीचा आनुवंशिक प्रभाव अगणित ठिकाणी थेंबाथेंबाने विखुरलेला आहे.

म्हणजे नेहमीच्या भाषाविकारात निम्म्या शक्यतेचा स्वच्छ हिशेब नाही. अनेक जनुकांचे बारीक धक्के आहेत आणि त्यांत जगण्याची परिस्थिती मिसळलेली आहे. ‘हे जनुक आहे म्हणून हा विकार होणार’ हे वाक्य केईमध्ये खरे आहे. आपल्या शेजारच्या मुलाबाबत ते निरर्थक आहे.

‘घरात आहे’ म्हणजे काय?

मग भाषाविकार घराण्यात चालतो हे चूक आहे का? नाही, तो चालतो. कॅरिन स्ट्रॉम्सवोल्ड यांनी अनेक अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा विकारग्रस्त मुलांपैकी सरासरी ४६ टक्क्यांच्या घरात असा इतिहास सापडला. तुलनेच्या मुलांत ही सरासरी १८ टक्के होती. पण या सरासरीमागचा पट पाहण्यासारखा आहे. विकारग्रस्त मुलांच्या घरांत हे प्रमाण एका अभ्यासात २४ टक्के, तर दुसऱ्यात ७८. घरे बदलली म्हणून एवढा फरक पडत नाही, विचारलेला प्रश्न बदलतो म्हणून पडतो. ‘कोणाला वाचा-उपचार घ्यावे लागले का?’ आणि ‘कोणी शाळेत मागे होते का?’ या दोन प्रश्नांची उत्तरे सारखी कशी येतील?

शिवाय कुटुंब जनुकांइतकेच घरही वाटून घेते. तेच स्वयंपाकघर, तीच कमाई, तेच बोलणे. ही गाठ सोडवायला संशोधक जुळ्या मुलांकडे जातात. एकबीज जुळ्यांची जनुके जवळजवळ तंतोतंत सारखी, द्विबीज जुळ्यांची सख्ख्या भावंडांइतकी. बिशप आणि सहकाऱ्यांच्या १९९५च्या अभ्यासात एकाला विकार असेल तर दुसऱ्यालाही असण्याचे प्रमाण एकबीज जुळ्यांत स्पष्टपणे जास्त निघाले. आनुवंशिकता सिद्ध झाली, असे वाटले. त्यानंतर ब्रिटनमधल्या जुळ्यांच्या एका मोठ्या अभ्यासात आनुवंशिक वाटा अगदीच किरकोळ आला. दोन्ही अभ्यास काळजीपूर्वक केलेले, आणि उत्तरे विरुद्ध.

बिशप आणि मारियाना हायू-थॉमस यांनी २००८मध्ये या विरोधाचा उलगडा केला. मुले निवडली कशी, यात उत्तर होते. ज्यांना आधीच स्पीच थेरपिस्टकडे नेले होते त्यांच्यात आनुवंशिक वाटा मोठा दिसत होता. केवळ भाषाचाचणीतल्या कमी गुणांवरून निवडलेल्यांत तो फारसा दिसत नव्हता. थेरपिस्टकडे नेली जातात ती बहुधा उच्चार अस्पष्ट असलेली मुले, कारण अस्पष्ट उच्चार कोणालाही ऐकू येतो. ज्याचे उच्चार स्वच्छ आहेत, पण ज्याला वाक्य समजत नाही, ते मूल कोणाच्याच नजरेत भरत नाही. या एका निबंधाने मला केईच्या साऱ्या गोष्टींपेक्षा जास्त शिकवले. ‘किती टक्के आनुवंशिक?’ या प्रश्नाचे उत्तर निसर्गात तयार ठेवलेले नसते. आपण कोणाला मोजायला घेतो, त्यावर ते अवलंबून असते.

मराठीच्या अंगणात

आता आपल्याकडे. गॉपनिक यांच्या दाव्यात इंग्रजीच्या भूतकाळाच्या आणि अनेकवचनाच्या प्रत्ययांना मोठे स्थान होते. इंग्रजीत हे प्रत्यय म्हणजे शब्दाच्या टोकाला जेमतेम ऐकू येणारे एखादे व्यंजन. लॉरेन्स लेनर्ड यांनी इंग्रजीबाहेर पाहिले तेव्हा इटालियन मुलांत क्रियापदांच्या प्रत्ययांचा त्रास इंग्रजी मुलांपेक्षा बराच कमी होता. अडचण भलतीकडेच, लहानशा उपपदांत आणि सर्वनामांत होती. म्हणजे विकार एकच असला तरी प्रत्येक भाषेत तो त्या भाषेच्या नाजूक सांध्यात दुखतो.

मराठीचे सांधे वेगळे आहेत. ‘घोडा’चे ‘घोड्याला’ होताना सामान्यरूप घडते. ‘मीनाने आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, केळे खाल्ले’ यात क्रियापद खाणारीकडे न पाहता खाल्लेल्या वस्तूचे लिंग पाहते. तीन लिंगे, विभक्तिप्रत्यय, शब्दयोगी अव्यये यांतून मराठी मूल वाट काढते. इंग्रजी कसोटी भाषांतरित करून त्याच्यापुढे ठेवली, तर ती नसलेला विकार दाखवेल किंवा असलेला लपवेल. कसोटी मराठीच्याच सांध्यांवर बेतायला हवी, आणि तीही पुण्याच्या पाठ्यपुस्तकी बोलीपुरती नको. वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलणाऱ्या घरातल्या मुलाची घरची रूपे ‘चूक’ म्हणून मोजली, तर बोलीचाच विकार होईल.

इंग्रजी माध्यमाने या गोंधळात आणखी भर घातली आहे. मूल बोलत नाही म्हटल्यावर ‘घरी मराठी बंद करा, एकच भाषा ठेवा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. कॅनडात जोहान पॅराडिस आणि सहकाऱ्यांनी फ्रेंच-इंग्रजी द्विभाषक मुलांचा २००३मध्ये केलेला अभ्यास याच्या विरुद्ध जातो. भाषाविकार असलेली द्विभाषक मुले दोन्ही भाषांत एकभाषक विकारग्रस्तांपेक्षा मागे नव्हती. दोन भाषांनी विकार होत नाही, आणि एक काढून घेतल्याने तो जात नाही. आजीशी बोलण्याची भाषा मात्र जाते. अडचण खरोखर विकाराची असेल तर ती दोन्ही भाषांत दिसते. ती फक्त शाळेच्या इंग्रजीत दिसत असेल, तर तपासणी शाळेच्या शिकवण्याची करावी.

कायद्यातही हे मूल आहे, पण पटकन सापडत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘वाचा व भाषा दिव्यांगत्व’ असे शीर्षक आहे. त्याखाली उदाहरणे आहेत ती स्वरयंत्र काढल्यानंतरच्या किंवा मेंदूच्या इजेनंतरच्या वाचाहानीची. विकासात्मक भाषाविकाराच्या जवळ जाणारी जुनी संज्ञा त्याच कायद्यात ‘विशिष्ट अध्ययन अक्षमते’च्या व्याख्येत, वाचनविकाराच्या रांगेत शेवटी बसली आहे. २००७मध्ये ‘तारे जमीन पर’ आल्यापासून वाचनविकार घरोघरी ठाऊक झाला. बोललेली भाषाच ज्याला निसटते, त्याच्यावर मात्र असा चित्रपट निघालेला नाही.

इतिहास कशासाठी विचारायचा?

घराण्याचा इतिहास विचारावा, जरूर विचारावा. मूल दोन-अडीच वर्षांचे आहे, शब्द थोडे आहेत, आणि बापाला किंवा मावशीला लहानपणी अशीच अडचण होती, तर ‘आपोआप बोलेल’ म्हणत वाट पाहण्याला आधार कमी आणि लवकर तपासणी करून घेण्याला जास्त. म्हणजे ‘याचा बापही उशिरा बोलला’ या वाक्यातून आपण जो धीर काढतो, त्याच्या उलट अर्थ निघतो. बाप बोलला हे खरे. पण बोलू लागल्यावर शाळेत त्याचे काय झाले, हे कोणी विचारले का?

यातून दवाखान्यांनी आणि शाळांनी घ्यायचा आणखी एक बोध आहे, आणि केईच्या गोष्टींत मला तो कोठेच सापडला नाही. विकार घराण्यात चालत असेल, तर टेबलापलीकडे बसलेल्या आई किंवा बापालाही तो असू शकतो. दोन पानी अर्ज, एका दमात सांगितलेल्या सहा सूचना, ‘घरी हे व्यायाम करून घ्या’ असे घाईघाईने म्हणणे, यातले निम्मे त्या माणसापर्यंत पोचत नाही. पुढच्या भेटीला व्यायाम झालेले नसतात आणि ‘पालकांना आस्था नाही’ अशी नोंद होते. त्यांच्याशी छोट्या वाक्यांत बोलावे, एका वेळी एकच गोष्ट सांगावी, ती करून दाखवावी, आणि निघण्यापूर्वी त्यांच्याकडून ती एकदा करून घ्यावी. याला खर्च लागत नाही, आणि त्यासाठी कोणते जनुक बिघडले आहे हे कळण्याची वाट पाहायचीही गरज नाही.